रुग्णालयाची नोंदवही आणि सार्वजनिक क्लाऊड

१९ जुलै २०२२ या दिवशी लंडन शहराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले. विदर्भातील वाचकाला या आकड्याचे फारसे नवल वाटणार नाही. परंतु ज्या देशातील इमारती थंडीपासून बचाव करण्याच्या हेतूने बांधलेल्या आहेत, तेथे ही उष्णता आपत्तीसारखीच ठरली. थेम्स नदीच्या दक्षिणेस गाईज आणि सेंट थॉमस ही दोन जुनी व नामांकित रुग्णालये असून त्यांचा कारभार एकाच संस्थेकडे आहे. या संस्थेची स्वतःची दोन संगणक-दालने होती. एक बंद पडले तर दुसऱ्याने काम चालवावे, अशी त्यामागील कल्पना होती. त्या दिवशी दोन्ही दालनांतील शीतकरण अपुरे पडले आणि दोन्ही दालने निकामी झाली. शेकडो संगणक-प्रणाली थांबल्या. रुग्णांचे पूर्वीचे अहवाल डॉक्टरांना दिसेनात. तपासण्यांची मागणी कागदावर लिहून पाठवावी लागली. अनेक रुग्णांच्या भेटीच्या वेळा व शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. सर्व कारभार पूर्वपदावर येण्यास कित्येक आठवडे गेले.

त्याच दिवशी, त्याच शहरात आणखी एक घटना घडली. गूगल आणि ओरॅकल या कंपन्यांच्या लंडनमधील क्लाऊड केंद्रांतही शीतकरण यंत्रणा बिघडली व त्यांच्या काही ग्राहकांच्या सेवा खंडित झाल्या. तेथील बहुतांश सेवा मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्ववत झाल्या.

या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या की रुग्णालयाच्या संगणकीय कारभारासंबंधीचा एक महत्त्वाचा प्रश्न स्पष्ट होतो. रुग्णालयाच्या आवारातील यंत्र सुरक्षित असते, असे नाही. आणि क्लाऊड म्हणजे कोणत्याही संकटाच्या पलीकडची जागा, असेही नाही. फरक आहे तो बिघाडानंतर उभे राहण्याच्या तयारीत. देशातील आणि राज्यातील आरोग्यसेवेच्या नोंदी दिवसेंदिवस संगणकावर येत असताना हा फरक समजून घेणे प्रशासनातील अधिकाऱ्यांना, शिक्षकांना आणि पंचायत सदस्यांनाही आवश्यक झाले आहे.

क्लाऊड म्हणजे काय?

क्लाऊड या इंग्रजी शब्दाचा अर्थ ढग असा असला, तरी या व्यवस्थेत आकाशाशी संबंध असलेले काहीही नाही. हजारो संगणक एकत्र मांडलेली, अखंड वीज व शीतकरणाची सोय असलेली आणि कडक पहाऱ्यातील मोठी इमारत म्हणजे डेटा सेंटर होय. अशा अनेक इमारती एकमेकींना जोडून त्यांतील साठवण व गणनक्षमता इंटरनेटद्वारे भाड्याने देण्याच्या व्यवस्थेस क्लाऊड असे म्हणतात.

स्वतःची विहीर आणि नळपाणीपुरवठा योजना यांतील फरक ग्रामीण वाचकास परिचित आहे. विहीर खोदण्याचा खर्च एकदम करावा लागतो. गाळ काढणे, पंप दुरुस्त करणे ही कामेही मालकाचीच असतात. आणि उन्हाळ्यात ती आटली तर दुसरी सोय नसते. नळयोजनेत उद्भव, शुद्धीकरण व जलकुंभ यांची व्यवस्था योजनेकडे असते. ग्राहक वापरेल तेवढ्याचे पैसे भरतो. मात्र गावापर्यंत येणारी जलवाहिनी फुटली तर नळ कोरडा पडतो आणि म्हणूनच जाणती गृहिणी नळ असूनही घरात पाणी भरून ठेवते. क्लाऊडचे गुण व दोष पुष्कळसे याच प्रकारचे आहेत.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०११ मध्ये क्लाऊडची जी व्याख्या प्रसिद्ध केली, ती आज सर्वत्र आधारभूत मानली जाते. मागणी करताच मिळणारी सेवा, जाळ्यावरून सर्वत्र उपलब्धता, साधनांचा सामाईक साठा, गरजेप्रमाणे क्षमता वाढविण्याची व घटविण्याची सोय आणि मोजून घेतलेला वापर ही पाच लक्षणे त्या व्याख्येत सांगितली आहेत. मालकी व वापर यांनुसार खाजगी, सामुदायिक, सार्वजनिक आणि मिश्र असे क्लाऊडचे चार प्रकारही त्यात दिले आहेत.

यांपैकी ‘सार्वजनिक’ या शब्दाबाबत आपल्याकडे गैरसमज होण्याचा संभव आहे. सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा सार्वजनिक आरोग्य विभाग म्हटले की शासनाची मालकी सूचित होते; सार्वजनिक वाचनालय म्हटले की कोणीही आत जावे असा अर्थ होतो. सार्वजनिक क्लाऊडमध्ये यांपैकी कोणताच अर्थ अभिप्रेत नाही. त्याची मालकी बहुधा खाजगी कंपनीची असते आणि त्यात ठेवलेली माहिती जनतेस खुली नसते. पैसे भरणाऱ्या कोणत्याही ग्राहकास ही सेवा मिळू शकते, एवढाच त्या विशेषणाचा अर्थ आहे. एकाच इमारतीत अनेकांच्या तिजोऱ्या असाव्यात, परंतु प्रत्येकाची किल्ली निराळी असावी, तसा हा प्रकार आहे.

हलविण्याची आवश्यकता

रुग्णालयातील संगणकाचे काम केसपेपरच्या खिडकीपासून सुरू होते. नोंदणी, बाह्यरुग्ण व आंतररुग्ण विभाग, प्रयोगशाळेतील अहवाल, क्ष-किरण व सीटी स्कॅनच्या प्रतिमा, औषध भांडारातील साठा, रक्तपेढी, शस्त्रक्रियांचे वेळापत्रक आणि शासकीय आरोग्य योजनांखालील दावे अशी त्याची साखळी असते. एक कडी तुटली तरी रांग लांबते. दोन कड्या तुटल्या तर उपचारांवर परिणाम होतो.

ही सर्व माहिती ज्या सर्व्हरवर असते, तो अनेक रुग्णालयांत एखाद्या लहान खोलीत ठेवलेला असतो. त्या खोलीचा वातानुकूलक चालू राहणे, बॅटरी वेळेवर बदलली जाणे, विजेचा दाब स्थिर राहणे आणि ती यंत्रणा जाणणारा कर्मचारी बदली होऊन न जाणे या सर्वांवर रुग्णालयाचा कारभार अवलंबून राहतो. खोली तळमजल्यावर असेल तर पुराचाही विचार करावा लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण शहरात पुराचे पाणी किती उंच चढले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. पुरात भिजलेली कागदी वही एक वेळ उन्हात वाळविता येते. भिजलेल्या यंत्रातील माहिती परत मिळेलच असे सांगता येत नाही.

दुसरे कारण कामाच्या चढउताराचे आहे. साथीच्या काळात नोंदणी अचानक वाढते. स्वतःचा सर्व्हर घेताना सर्वांत मोठ्या गर्दीचा अंदाज धरून तो घ्यावा लागतो आणि उरलेले वर्षभर त्याची क्षमता पडून राहते. कोविड लसीकरणाच्या नोंदणीसाठी उभारलेल्या को-विन या प्रणालीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ही प्रणाली सार्वजनिक क्लाऊडवर चालविली गेली. २८ एप्रिल २०२१ रोजी १८ वर्षांवरील सर्वांसाठी नोंदणी खुली झाली, तेव्हा आरंभी काही काळ अडथळे आले. तरीही त्या एका दिवसात एक कोटीहून अधिक लोकांची नोंद झाली. पुढे १७ सप्टेंबर २०२१ रोजी एका दिवसात दिलेल्या सुमारे अडीच कोटी मात्रांची नोंद याच प्रणालीने घेतली. एवढ्या भारासाठी यंत्रे विकत घेऊन, ती बसवून काम सुरू करणे त्या घाईच्या काळात शक्य झाले नसते.

शासकीय धोरणाची दिशाही हीच राहिली आहे. केंद्र शासनाने ‘मेघराज’ या नावाने शासकीय क्लाऊडची योजना आखली आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा राष्ट्रीय क्लाऊड फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाला. याच केंद्राने विकसित केलेली ई-हॉस्पिटल ही प्रणाली देशातील अनेक शासकीय रुग्णालयांत वापरली जाते. केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय खाजगी क्लाऊड कंपन्यांच्या सेवांची तपासणी करून त्यांना शासकीय कामासाठी सूचिबद्ध करते. शासनाची माहिती भारतातच ठेवणे ही त्यातील एक अट आहे. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाऊडसंबंधीचे धोरण जाहीर केले. त्याच महिन्यात ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेनेही योग्य दक्षता घेऊन रुग्णांची माहिती सार्वजनिक क्लाऊडवर ठेवता येईल, असे मार्गदर्शन आपल्या संस्थांना केले. मायक्रोसॉफ्टची पुणे व मुंबई येथील केंद्रे २०१५ पासून, ॲमेझॉनची मुंबईतील केंद्रे २०१६ पासून आणि गूगलची मुंबईतील केंद्रे २०१७ पासून कार्यरत असल्याने भारतातच माहिती ठेवण्याची अट पाळणे आता कठीण राहिलेले नाही.

जबाबदारी कोणाची?

यंत्रे हलली म्हणजे जबाबदारीही हलली, अशी समजूत करून घेण्याचा मोह येथे होतो. तो टाळला पाहिजे.

दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ला झाला. संसदेत देण्यात आलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाईट माहिती हल्लेखोरांनी सांकेतिक कुलपात बंद केली होती. संस्थेच्या अंतर्गत जाळ्याची योग्य विभागणी केलेली नव्हती, हे त्याचे कारण सांगण्यात आले. देशभरातून येणाऱ्या रुग्णांच्या नोंदी हाताने कराव्या लागल्या आणि नोंदणी, दाखल करणे व घरी सोडणे यांसारखी बहुतेक कामे संगणकावर पूर्ववत होण्यास सुमारे दोन आठवडे लागले. बाधा न पोचलेल्या एका सर्व्हरवर माहितीची प्रत शिल्लक होती. त्या प्रतीवरून सर्व माहिती परत उभी करता आली.

या घटनेवरून दोन गोष्टी ध्यानात येतात. यंत्र आपल्या आवारात असले म्हणजे हल्ला होत नाही, ही पहिली. आणि तोच कारभार क्लाऊडवर असता, परंतु जाळ्याची विभागणी तशीच ढिली व पासवर्ड तसेच सैल असते, तर हल्ला टळलाच असता असे म्हणता येणार नाही, ही दुसरी. क्लाऊड कंपनी इमारत, वीज, शीतकरण, यंत्रे आणि त्यांचा पहारा सांभाळते. कोणत्या कर्मचाऱ्याला कोणती नोंद पाहता यावी, बदली झालेल्या कर्मचाऱ्याचा प्रवेश केव्हा बंद करावा, पासवर्डबरोबर दुसरी खूण मागावी की नाही, माहिती सांकेतिक रूपात ठेवावी की नाही हे ठरविणे रुग्णालयाचे काम असते. नळयोजनेचे पाणी शुद्ध असले तरी घरातला माठ धुणे घरच्यांचेच काम असते.

प्रतीसंबंधीही हेच म्हणावे लागेल. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या क्लाऊड कंपनीच्या केंद्रास आग लागली आणि तेथील एक इमारत पूर्णपणे भस्मसात झाली. ज्या ग्राहकांनी आपल्या माहितीची प्रत अन्य शहरात ठेवली होती, ते काही वेळात सावरले. ज्यांनी ती त्याच आवारात ठेवली होती किंवा मुळीच ठेवली नव्हती, त्यांपैकी अनेकांची माहिती कायमची गेली. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी असावी, हा जुना नियम क्लाऊडवरही तितकाच लागू आहे. शिवाय ती प्रत उघडून पाहिलेली असावी. वर्षानुवर्षे घेतलेली आणि एकदाही न तपासलेली प्रत ऐन वेळी उपयोगी पडेल याचा भरवसा देता येत नाही.

जोडणीचा प्रश्न

क्लाऊडची सर्वांत नाजूक बाजू म्हणजे रुग्णालयापर्यंत येणारी इंटरनेटची जोडणी. शहरातील मोठ्या रुग्णालयास ती सहज मिळते. तालुक्याच्या ठिकाणी तिचा आधी हिशेब करावा लागतो.

एका केसपेपरवरील मजकुराला संगणकात फारच थोडी जागा लागते आणि तो साध्या जोडणीवरूनही क्षणात जातो. प्रतिमांचे तसे नाही. सीटी स्कॅनची एक तपासणी ५०० मेगाबाईटची धरली आणि जोडणीचा वेग सेकंदाला १० मेगाबिट असेल, तर ती पाठविण्यास ४०० सेकंद, म्हणजे जवळजवळ ७ मिनिटे लागतात. दिवसाला अशा २० तपासण्या असतील तर सव्वादोन तास ती जोडणी केवळ या एकाच कामात गुंतून राहील आणि तेवढा वेळ केसपेपरची खिडकी रखडेल. म्हणून प्रतिमांची एक प्रत काही दिवस रुग्णालयातील लहान सर्व्हरवर ठेवणे आणि रात्री, कामाचा ताण नसताना, ती क्लाऊडवर पाठविणे ही पद्धत सोयीची ठरते. अपघातातील रुग्णाची तपासणी मात्र डॉक्टरांना तत्काळ दिसली पाहिजे. ती रात्रीची वाट पाहू शकत नाही.

दोन जोडण्या घेण्याचा सल्ला नेहमी दिला जातो. परंतु त्या दोन कंपन्यांच्या असूनही रस्त्याकडेच्या एकाच चरातून येत असतील, तर रुंदीकरणाच्या कामात एकाच घावाने दोन्ही तुटतात. एक तार जमिनीखालून आणि दुसरी जोडणी मोबाईल मनोऱ्यावरून किंवा निराळ्या रस्त्याने आलेली असावी. ग्रामपंचायतींना प्रकाशीय तंतूंनी जोडण्याची भारतनेट योजना ज्या गावांत पोचली आहे, तेथील आरोग्य केंद्रास तिचा लाभ मिळतो किंवा नाही, हे पाहण्याजोगे आहे.

जोडणी तुटली तरी उपचार थांबता कामा नयेत. त्यासाठी छापील कोरे अर्ज, आगाऊ क्रमांक टाकलेले केसपेपर आणि आंतररुग्णांच्या औषधांची रोज छापून ठेवलेली यादी प्रत्येक कक्षात असावी. जोडणी आल्यावर त्या नोंदी संगणकावर कोणी व किती वेळात चढवावयाच्या, हेही लेखी ठरलेले असावे. लंडनच्या आणि दिल्लीच्या रुग्णालयांना अखेर कागदानेच सावरले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

खर्च आणि करार

सर्व्हर विकत घेणे हा भांडवली खर्च असतो. तो एकदा मंजूर होतो आणि यंत्र जुने होईपर्यंत पुन्हा विचारला जात नाही. क्लाऊडचे देयक दरमहा येते. तो आवर्ती खर्च होय. अंदाजपत्रकात त्याची तरतूद दरवर्षी आणि वेळेवर झाली नाही, तर सेवा बंद पडण्याची वेळ येते. वापर मोजून घेतला जात असल्याने प्रशिक्षणासाठी सुरू केलेली आणि नंतर बंद करावयाची विसरलेली यंत्रणाही पैसे खात राहते. काही सेवांत माहिती आत टाकण्यास शुल्क नसते, परंतु मोठ्या प्रमाणावर बाहेर काढण्यास असते. क्लाऊड नेहमीच स्वस्त पडतो असे गृहीत धरून प्रस्ताव तयार करणे त्यामुळे धोक्याचे आहे. यंत्रांबरोबर वीज, वातानुकूलन, देखभाल आणि मनुष्यबळ यांचा पाच वर्षांचा खर्च एका बाजूस आणि तेवढ्याच काळाची क्लाऊडची व जोडणीची देयके दुसऱ्या बाजूस मांडून निर्णय घ्यावा.

करारातील टक्क्यांचा अर्थही नीट पाहावा लागतो. वर्षाचे ८,७६० तास असतात. सेवा ९९.९ टक्के वेळ चालू राहील असे वचन असेल, तर वर्षात सुमारे पावणेनऊ तास ती बंद राहिली तरी करारभंग होत नाही, ९९.५ टक्क्यांचे वचन असेल, तर हाच काळ जवळजवळ ४४ तासांचा होतो. वाचताना नगण्य वाटणारा हा फरक अतिदक्षता कक्षात नगण्य नसतो. करार करण्यापूर्वी प्रत्येक विभागासाठी दोन प्रश्नांची उत्तरे ठरलेली असावीत. बिघाड झाल्यास सेवा किती वेळात परत मिळाली पाहिजे? आणि किती मिनिटांच्या नोंदी पुन्हा लिहाव्या लागल्या तर चालेल? रक्तपेढीचे उत्तर आणि भांडारातील सतरंज्यांच्या नोंदीचे उत्तर एकच असणार नाही.

करार संपताना माहिती कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि कोणत्या खर्चात परत मिळेल आणि कंपनीकडील प्रत नष्ट केल्याचा दाखला कोण देईल, हे कलम करार करतानाच लिहावे लागते. ते राहून गेले तर ठेकेदाराशी मतभेद झाल्यावर रुग्णांच्याच नोंदींसाठी रुग्णालयाला त्याच्यापुढे हात पसरावा लागतो.

नोंद कोणाची?

केसपेपरवरील मजकूर रुग्णाच्या आयुष्यातील अत्यंत खाजगी गोष्टी सांगत असतो. क्षयरोग, एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात यांपैकी एखादी नोंद गावात फुटली, तर त्या व्यक्तीच्या विवाहावर, नोकरीवर, शाळेतील मुलांवर परिणाम होतो. औषध घेण्यास पुन्हा त्या केंद्राची पायरी न चढण्याचा निर्णयही रुग्ण घेतो आणि तेथे हा प्रश्न केवळ गोपनीयतेचा न राहता जिवाचा होतो.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ या कायद्याने या विषयास निश्चित रूप दिले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करावयाच्या आहेत. माहिती गोळा करणारी संस्था ती माहिती दुसऱ्या कोणाकडून हाताळून घेत असली, तरी कायद्याच्या पालनाची जबाबदारी मूळ संस्थेवरच राहते. रुग्णालयाने नोंदी क्लाऊडवर ठेवल्या म्हणून ते या उत्तरदायित्वातून सुटत नाही. सुरक्षिततेचे वाजवी उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. संगणकांवरील हल्ल्यासारखी घटना ध्यानात आल्यापासून ६ तासांच्या आत ‘सर्ट-इन’ या राष्ट्रीय यंत्रणेस कळविण्याचा निर्देश एप्रिल २०२२ मध्येच देण्यात आलेला आहे.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये नागरिकाला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो. या योजनेत सर्व नोंदी एका जागी गोळा केल्या जात नाहीत. त्या ज्या रुग्णालयात तयार झाल्या तेथेच राहतात आणि रुग्णाच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरांना पाहता येतात. म्हणजे प्रत्येक रुग्णालयाची नोंद सुस्थितीत व उपलब्ध राहणे हा या योजनेचा पाया आहे. तालुक्यातील रुग्णालयाचा सर्व्हर बंद असेल, तर जिल्ह्याच्या डॉक्टरांना संमती असूनही काही दिसणार नाही.

टप्प्याटप्प्याने वाटचाल

एका शनिवारी रात्री सर्व काही उचलून क्लाऊडवर नेण्याचा प्रयत्न सहसा यशस्वी होत नाही. प्रथम आहे त्याची मोजदाद करावी लागते. कोणती प्रणाली कोणत्या यंत्रावर आहे, ती कोणी बनविली, तिचा दुसऱ्या कोणत्या प्रणालीशी संबंध आहे आणि ती आज कोणी वापरते का, याची यादी तयार करतानाच अनेक अनावश्यक गोष्टी गळून पडतात. एकाच रुग्णाची ‘पाटील’ व ‘पाटिल’ अशी दोनदा झालेली नोंद हलविण्यापूर्वीच दुरुस्त करणे सोपे असते.

त्यानंतर कमी धोक्याच्या गोष्टी आधी हलवाव्यात. माहितीची जादा प्रत, संकेतस्थळ आणि प्रशिक्षणाची प्रणाली यांवरून अनुभव घ्यावा. मग नोंदणी, औषध भांडार व प्रयोगशाळा यांच्याकडे वळावे आणि जुनी व नवी पद्धत काही काळ समांतर चालवावी. प्रतिमांसारखा मोठा साठा जोडणीची खात्री पटल्यावरच हलवावा. सीटी स्कॅन किंवा रक्ततपासणीच्या यंत्राला जोडलेला संगणक रुग्णालयातच राहतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. प्रत्येक टप्प्यावर मागे फिरण्याची वाट मोकळी ठेवावी. या सर्व कामात केसपेपरच्या खिडकीवरील लिपिक आणि कक्षातील परिचारिका यांचे म्हणणे प्रारंभीच ऐकून घेतलेले बरे. कारण नव्या पडद्यावर एका नोंदीसाठी दोन मिनिटे जास्त लागली, तर रांगेचा रोष त्यांनाच सोसावा लागतो.

स्थानिक पातळीवरील कार्य

हा विषय तंत्रज्ञांचा आहे असे समजून इतरांनी दूर राहावे, असे मुळीच नाही. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत इमारतीची रंगरंगोटी व पाण्याची टाकी यांबरोबर चार प्रश्न विचारता येतील. गेल्या तीन महिन्यांत संगणक किती तास बंद होता? त्या वेळी नोंदी कशा झाल्या? माहितीची प्रत कोठे आहे आणि ती उघडून केव्हा पाहिली? बदलून गेलेल्या कर्मचाऱ्यांचे प्रवेश बंद केले आहेत काय? हे प्रश्न विचारण्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. आणि ते विचारले जात आहेत हे कळल्यावर त्यांची उत्तरेही तयार होऊ लागतात.

‘आभा’ क्रमांक ऐच्छिक आहे आणि तो नसला म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, तसेच मोबाईलवर येणारा संमतीचा सांकेतिक अंक अनोळखी माणसास सांगू नये, हे पालकसभेत व ग्रामसभेत समजावून सांगण्याचे काम शिक्षक चांगल्या रीतीने करू शकतील. अधिकाऱ्यांकडे तरतूद, करार व तपासणी यांची जबाबदारी आहे. वर्षातून एकदा, पूर्वसूचना देऊन, दोन तास संगणक बंद ठेवून रुग्णालय चालवून पाहण्याची तालीम घेण्यास विशेष खर्च येत नाही. अग्निशमनाच्या तालमीइतकीच ती उपयुक्त आहे.

रुग्णाला त्याची नोंद मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आहे की रुग्णालयाच्या जिन्याखालच्या खोलीत, याच्याशी कर्तव्य नसते. दूरच्या वाडीवरून एस.टी.ने आलेल्या गरोदर मातेचा मागील महिन्याचा रक्ततपासणीचा अहवाल खिडकीवर तत्काळ मिळावा, तो दुसऱ्या कोणाच्या हाती पडू नये आणि यंत्र बंद असले तरी तिला परत पाठविले जाऊ नये, एवढीच तिची अपेक्षा असते. क्लाऊडवर गेलेल्या प्रत्येक रुग्णालयाचा हिशेब शेवटी याच कसोटीवर मांडावा लागेल.